न्यूट्रॉन नेमके किती? समस्थानिकांबद्दल गावात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी विज्ञान शिकवतो. आठवीला अणूची रचना सुरू झाली की दरवर्षी तेच प्रश्न येतात. काही वर्गात, काही घरी आलेल्या पालकांकडून, काही बाजाराच्या दिवशी कृषी केंद्राच्या ओट्यावर. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवतो आहे. ज्याला जो प्रश्न पडला असेल तो त्याने थेट वाचावा, मात्र पहिले दोन कुणीही सोडू नयेत.

क्लोरीनमध्ये न्यूट्रॉन किती असतात?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि तो अर्धवट आहे. कोणता क्लोरीन, हे कळल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकतो. तिच्यातल्या क्लोरीनचे अणू दोन प्रकारचे असतात. अणूच्या मध्यभागी केंद्रक असतं आणि त्यात प्रोटॉन व न्यूट्रॉन हे कण असतात. प्रोटॉन दोन्हींत १७च. पण शंभरातल्या साधारण ७६ अणूंत न्यूट्रॉन १८ असतात आणि उरलेल्या २४ अणूंत २०. पहिला क्लोरीन-३५ (१७ + १८), दुसरा क्लोरीन-३७ (१७ + २०). ही क्लोरीनची दोन समस्थानिकं. विहिरीतल्या पाण्यात दोन्ही मिसळलेली असतात, आणि जंतू मारण्याचं काम दोन्ही सारखंच करतात.

पुस्तकातल्या मूलद्रव्यांच्या तक्त्यात मात्र क्लोरीनपुढे ३५.५ लिहिलेलं असतं. एक मुलगी वही घेऊन माझ्याकडे आली होती. ३५.५ वजा १७ बरोबर १८.५. म्हणाली, ‘सर, अर्धा न्यूट्रॉन कसा काय राहीन?’ तिची वजाबाकी बरोबर होती आणि शंका त्याहून बरोबर होती. गफलत एवढीच की ३५.५ हा कुठल्याही एका अणूचा आकडा नाही, ती सरासरी आहे.

दिवस थंडीचे होते, तुरीच्या शेंगा भरल्या होत्या. वावरातून येताना पोरांनी खिसे भरून आणल्याच होत्या. मी म्हटलं, बाकावर दहा शेंगा ठेव आणि सोल. समजा सहा शेंगांत चार-चार दाणे निघाले आणि चार शेंगांत पाच-पाच. एकूण दाणे ४४, म्हणजे शेंगेमागे सरासरी ४.४. आता सगळ्या शेंगा परत चाळून पाहा, ४.४ दाण्यांची एक तरी शेंग सापडते का? नाही सापडत. तरी सरासरी खोटी नाही. आणि चार दाण्यांची असो की पाच दाण्यांची, शेंग तुरीचीच. तिने ते सोललेले दाणे कितीतरी वेळ बाकावर दोन ओळींत मांडून ठेवले होते.

क्लोरीनचं असंच आहे. ७६ अणू ३५चे, २४ अणू ३७चे. सरासरी काढली की ३५.५ येते.

मग न्यूट्रॉनची संख्या काढायची कशी?

अणुवस्तुमानांकातून अणुअंक वजा करायचा. अणुअंक म्हणजे अणूतल्या प्रोटॉनांची संख्या. अणुवस्तुमानांक म्हणजे त्या एका अणूतले प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून झालेली संख्या. ती नेहमी पूर्णांकच असते. कार्बन-१४ असं लिहिलं असेल तर १४ हा अणुवस्तुमानांक. कार्बनचा अणुअंक ६, म्हणून न्यूट्रॉन ८. इतकं सोपं आहे.

घोळ होतो तो ‘अणुवस्तुमानांक’ आणि ‘सरासरी अणुवस्तुमान’ हे एकच समजल्याने. मुलांच्या हातात असलेल्या एका गाइडात तर सरळ युक्ती दिलेली होती: तक्त्यातला दशांश जवळच्या पूर्णांकात बदला आणि वजाबाकी करा. ही युक्ती शिकवूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. का, ते घरातल्या दोन वस्तूंवरून दाखवतो.

देवघरातला तांब्याचा गडवा घ्या. तांब्याचा अणुअंक २९, सरासरी अणुवस्तुमान ६३.५५. युक्तीप्रमाणे ६४ धरले तर न्यूट्रॉन ३५ येतात. प्रत्यक्षात त्या गडव्यात ३५ न्यूट्रॉनचा तांब्याचा अणू नाही. शंभरातले सुमारे ६९ अणू तांबं-६३ आहेत, त्यांत न्यूट्रॉन ३४. बाकीचे ३१ अणू तांबं-६५, त्यांत ३६. मधलं तांबं-६४ अणुभट्टीत किंवा कणत्वरकात (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रात) बनवता येतं, पण त्यातले निम्मे अणू पावणेतेरा तासांत दुसऱ्या मूलद्रव्यात बदलून जातात. आजीच्या आजीपासून चालत आलेल्या गडव्यात ते कुठून उरणार?

दुसरी वस्तू आईच्या पायातली जोडवी. चांदीचा अणुअंक ४७, सरासरी १०७.८७. जवळचा पूर्णांक १०८, वजाबाकी ६१. पुन्हा चूक. चांदीचे जवळपास अर्धे अणू १०७चे (न्यूट्रॉन ६०) आणि अर्धे १०९चे (न्यूट्रॉन ६२). निसर्गातल्या चांदीत १०८चा अणू नसतोच.

म्हणजे युक्तीने आलेलं उत्तर थोडं इकडेतिकडे झालं असं नाही. जी वस्तू त्या भांड्यात, त्या दागिन्यात नाहीच, तिची संख्या आपण पेपरात लिहून येतो. न्यूट्रॉनची संख्या मूलद्रव्याची नसते, एका ठरावीक समस्थानिकाची असते. सोडिअम, ॲल्युमिनिअम, फॉस्फरस, सोनं यांच्या बाबतीत युक्ती जुळून येते, कारण निसर्गात त्यांचं एकेकच समस्थानिक आहे. तिथे जुळते म्हणून मुलांचा तिच्यावर विश्वास बसतो, आणि तांब्यापाशी फसगत होते.

न्यूट्रॉन कमी-जास्त झाले तरी मूलद्रव्य तेच कसं राहतं?

मूलद्रव्याची ओळख प्रोटॉनवर ठरते. केंद्रकात जितके प्रोटॉन, तितके इलेक्ट्रॉन बाहेर असतात, आणि रासायनिक अभिक्रिया म्हणजे या इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण. न्यूट्रॉनवर विद्युतप्रभार नाही. तो वाढला काय, कमी झाला काय, इलेक्ट्रॉनांची मांडणी तीच राहते, संयुजा (दुसऱ्या अणूंशी जोडण्याची क्षमता) तीच राहते. वजन तेवढं बदलतं.

हेन्री मोझली या तरुण ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९१३मध्ये क्ष-किरणांच्या मोजमापातून दाखवून दिलं की मूलद्रव्यांचा खरा क्रम वजनावर नसून अणुअंकावर आहे. म्हणूनच तक्त्यात आरगॉन (३९.९५) पोटॅशिअमच्या (३९.१०) आधी येतो. वजन पाहिलं तर क्रम उलटा वाटतो, प्रोटॉन मोजले तर १८ आणि १९.

‘समस्थानिक’ हा शब्द कुठून आला?

आवर्तसारणीत, म्हणजे मूलद्रव्यांच्या तक्त्यात, समान स्थान असलेले, म्हणून समस्थानिक. मूळ कल्पना फ्रेडरिक सॉडी यांची, १९१३ची. गंमत वाटेल, पण तेव्हा न्यूट्रॉन कुणाला माहीतच नव्हता. जेम्स चॅडविक यांना तो १९३२मध्ये सापडला. प्रभार नसल्यामुळे तो विद्युतक्षेत्रात वळत नाही, हवेतून जाताना खूण सोडत नाही. मेणातल्या हायड्रोजनवर आदळून तो प्रोटॉन उडवतो, त्यावरून त्याचा माग लागला. मधली एकोणीस वर्षं एकाच मूलद्रव्याचे अणू वेगवेगळ्या वजनाचे का, हे कोडं तसंच होतं.

केंद्रकाला न्यूट्रॉन लागतातच कशाला? नुसत्या प्रोटॉनचं केंद्रक का होत नाही?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो, म्हणून उत्तर थोडं लांबतं.

सगळ्या प्रोटॉनांवर धनप्रभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात. इतक्या दाटीत त्यांना बांधून ठेवणारं बल वेगळंच असतं, त्याला प्रबल बल म्हणतात. ते प्रोटॉनलाही ओढतं आणि न्यूट्रॉनलाही. पण या बलाचा हात फार आखूड आहे, अगदी शेजाऱ्यापर्यंतच पोचतो. प्रभाराची ढकलाढकली मात्र दूरवर चालते. मोठ्या केंद्रकात या टोकाचा प्रोटॉन त्या टोकाच्या प्रोटॉनलाही ढकलतच असतो.

न्यूट्रॉनचं महत्त्व इथे आहे. तो ओढायला मदत करतो, ढकलण्यात भाग घेत नाही. केंद्रक जितकं मोठं, तितकी ढकल जास्त, म्हणून तितका न्यूट्रॉनांचा वाटा जास्त लागतो.

आकडे पाहा. हेलिअम-४मध्ये २ प्रोटॉन, २ न्यूट्रॉन. कार्बन-१२मध्ये ६ आणि ६. ऑक्सिजन-१६मध्ये ८ आणि ८. कॅल्शिअम-४०मध्ये २० आणि २०. इथवर बरोबरी चालते, आणि इथेच ती संपते. कॅल्शिअमच्या पुढे समसमान प्रोटॉन-न्यूट्रॉनचं एकही टिकाऊ केंद्रक नाही. लोखंड-५६मध्ये २६ प्रोटॉनांना ३० न्यूट्रॉन. कथिल-१२०मध्ये ५० ला ७०. सोन्यात ७९ ला ११८, म्हणजे जवळपास दीडपट. शिसं-२०८मध्ये ८२ ला १२६. युरेनिअम-२३८मध्ये ९२ ला १४६.

शिशाच्या पुढे मात्र कितीही न्यूट्रॉन घातले तरी केंद्रक कायमचं टिकत नाही. बिस्मथ-२०९ (८३ आणि १२६) टिकाऊ आहे असं कित्येक वर्षं मानलं जात होतं. २००३मध्ये तेही किरणोत्सारी असल्याचं, म्हणजे आपोआप किरण सोडत बदलत असल्याचं, दिसून आलं. त्याचा अर्धायुकाल (निम्मे अणू बदलून जायला लागणारा वेळ) विश्वाच्या वयाच्या अब्जपटीहून मोठा आहे, त्यामुळे व्यवहारात फरक पडत नाही, पण टिकाऊ मूलद्रव्यांची यादी तेव्हापासून शिशापाशी थांबते.

नुसत्या प्रोटॉनचं केंद्रक एकच आहे: साधा हायड्रोजन. तिथे एकटाच प्रोटॉन, ढकलायला दुसरा कुणी नाही. प्रोटॉनपेक्षा न्यूट्रॉन कमी असूनही टिकणारी केंद्रकं अख्ख्या निसर्गात दोनच, हा हायड्रोजन आणि हेलिअम-३.

मग न्यूट्रॉन हवे तितके वाढवत का नेता येत नाहीत?

कारण केंद्रकातही ऊर्जेच्या पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीवर ठरावीकच जागा असते. खालच्या पायऱ्या भरल्या की नवा न्यूट्रॉन वरच्या पायरीवर बसतो, तिथे ऊर्जा जास्त. न्यूट्रॉन फार वाढले की त्यातल्या एकाने प्रोटॉन होऊन खालच्या रिकाम्या जागेवर जाणं ऊर्जेच्या हिशेबात स्वस्त पडतं. मग तसंच घडतं: न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो आणि एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो. कार्बन-१४मध्ये ६ प्रोटॉन, ८ न्यूट्रॉन. त्यातला एक न्यूट्रॉन बदलला की ७ आणि ७ होतात, आणि ७ प्रोटॉन म्हणजे नायट्रोजन. कार्बनचा अणू बघता बघता हवेचा अणू होऊन जातो.

न्यूट्रॉन कमी पडले तर याच्या उलट. कार्बन-११मध्ये न्यूट्रॉन ५च. तिथे प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो आणि बोरॉन-११ उरतं. त्याचा अर्धायुकाल २० मिनिटं.

केंद्रकाबाहेर सुटा पडलेला न्यूट्रॉनही टिकत नाही. समजा हजार सुटे न्यूट्रॉन आहेत, तर साधारण दहा मिनिटांत पाचशेच उरतात.

काही मूलद्रव्यांना एकच समस्थानिक आणि काहींना दहा, असं का?

भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांत मँगनीजच्या खाणी आहेत. डोंगरी बुजुर्ग, चिखला, मनसर ही नावं तिकडच्या लोकांना माहीत आहेत. त्या खाणीतून निघणाऱ्या काळ्या दगडातला मँगनीजचा प्रत्येक अणू अगदी सारखा असतो: २५ प्रोटॉन, ३० न्यूट्रॉन. निसर्गात मँगनीजचं दुसरं टिकाऊ समस्थानिकच नाही. आता गडचिरोलीत सुरजागडच्या डोंगरातलं लोखंड घ्या. अणुअंक २६, एकानेच पुढे. पण टिकाऊ समस्थानिकं चार, न्यूट्रॉन २८, ३०, ३१ आणि ३२.

फरक सम-विषमाचा आहे. केंद्रकात प्रोटॉन प्रोटॉनशी आणि न्यूट्रॉन न्यूट्रॉनशी जोडीने राहतात. जोडी पूर्ण असली की बांधणी घट्ट. ज्या मूलद्रव्याचा अणुअंक विषम (मँगनीज २५, सोनं ७९, आयोडीन ५३), त्यात एक प्रोटॉन बिनजोडीचा राहतोच. अशा मूलद्रव्यांना दोनपेक्षा जास्त टिकाऊ समस्थानिकं नसतात. प्रोटॉनही विषम आणि न्यूट्रॉनही विषम असेल तर टिकणं फारच अवघड. हलक्या मूलद्रव्यांत अशी टिकाऊ केंद्रकं चारच: हायड्रोजन-२, लिथिअम-६, बोरॉन-१० आणि नायट्रोजन-१४. चौथं तर आपल्या श्वासात आहे आणि युरियाच्या पोत्यातही.

सगळ्यात जास्त टिकाऊ समस्थानिकं कथिलाची, दहा. पूर्वी गावात कल्हईवाला यायचा. भाता मारून निखारे फुलवायचा, तापलेल्या पितळी भांड्यात नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठायचा, मग कथिलाची काडी टेकवून कापसाच्या बोळ्याने फिरवायचा आणि काळंमिट्ट भांडं क्षणात चांदीसारखं व्हायचं. त्या चकाकत्या थरात ६२ न्यूट्रॉनांपासून ७४ न्यूट्रॉनांपर्यंत दहा प्रकारचे अणू शेजारीशेजारी बसलेले असतात.

कथिलच का? कारण ५० हा आकडा. २, ८, २०, २८, ५०, ८२, १२६ इतके प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन झाले की केंद्रकाचा एक थर पूर्ण भरतो आणि बांधणी जास्त मजबूत होते. यांना जादुई संख्या म्हणतात. मारिया गोपर्ट-मायर आणि हान्स येन्सन यांनी १९४९मध्ये याचं स्पष्टीकरण दिलं आणि १९६३मध्ये त्यांना नोबेल मिळालं. शिसं-२०८मध्ये ८२ आणि १२६ दोन्ही जादुई आहेत.

याउलट टेक्नेशिअम (४३) आणि प्रोमेथिअम (६१). दोघांचंही एकही टिकाऊ समस्थानिक नाही, शिशाच्या बरेच अलीकडे असूनही.

आमच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. तो वेगळ्या समस्थानिकाचा विषारी फ्लोरिन आहे का?

नाही. फ्लोरिनचं निसर्गात एकच समस्थानिक आहे, ९ प्रोटॉन आणि १० न्यूट्रॉन. टूथपेस्टमधला फ्लोरिन आणि बोअरमधला फ्लोरिन यांच्या अणूंत काडीचाही फरक नाही. प्रश्न फक्त प्रमाणाचा आहे. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असलेलं पाणी वर्षानुवर्षं पिण्यात आलं की मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे पडतात, पुढे हाडंही आखडतात. आमच्या जिल्ह्यात हे दात मी रोज वर्गात पाहतो. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटतं आणि त्याचं प्रमाण वाढतं. पाण्याची तपासणी करून घ्या आणि पिण्यासाठी दुसरा स्रोत पाहा.

आमचं बोअरचं पाणी जड आहे. अणुभट्टीत वापरतात ते जड पाणी हेच का?

शब्द एक, वस्तू दोन. आपण ज्याला जड पाणी म्हणतो, ज्यात वरणाची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि गंजाला (भांड्याला) आतून पांढरा थर धरतो, त्यात कॅल्शिअम-मॅग्नेशिअमचे क्षार विरघळलेले असतात. क्षार काढले की पाणी हलकं.

अणुभट्टीतल्या जड पाण्यात क्षाराचा कण नसतो. तिथे पाण्याचा रेणूच जड असतो. साध्या हायड्रोजनमध्ये न्यूट्रॉन नाही. ड्युटेरिअम या हायड्रोजनच्याच समस्थानिकात एक असतो. न्यूट्रॉन एकाने वाढला की क्लोरीनच्या वजनात थोडाच फरक पडतो, पण हायड्रोजनचं वजन थेट दुप्पट होतं. म्हणून समस्थानिकांमधला फरक जितका हायड्रोजनमध्ये जाणवतो तितका दुसऱ्या कशातच नाही. ड्युटेरिअमच्या पाण्याचा लिटर सुमारे १,१०० ग्रॅम भरतो, ते ३.८ अंशांनाच गोठतं आणि त्याचा बर्फ साध्या पाण्यात बुडतो. हॅरॉल्ड युरी यांनी १९३१मध्ये ड्युटेरिअम शोधलं. आपल्या राज्यात रायगड जिल्ह्यातल्या थळला जड पाण्याचा कारखाना आहे, आणि तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीत हे पाणी वापरतात. न्यूट्रॉनांचा वेग कमी करायचं काम ते करतं.

निसर्गातही ते थोडं थोडं सगळीकडे आहे. साधारण ६,४०० हायड्रोजन अणूंमागे एक ड्युटेरिअमचा असतो. तुमच्या माठातही. आणि एप्रिल-मेच्या उन्हात माठ पाझरतो, तेव्हा हलके रेणू किंचित जास्त वेगाने उडून जातात, मागे उरलेल्या पाण्यात जड रेणूंचं प्रमाण अगदी नखभर वाढतं. जिभेला ते कळत नाही, यंत्राला कळतं. ऑक्सिजनचंही तसंच: ऑक्सिजन-१६चं पाणी आधी उडतं, दहा न्यूट्रॉनांचा ऑक्सिजन-१८ मागे रेंगाळतो. यावरून भूजलाचे अभ्यासक सांगू शकतात की विहिरीला आलेलं पाणी थेट पावसाचं मुरलेलं आहे की उन्हात तापलेल्या तलावातून झिरपलेलं.

पोटॅश खत किरणोत्सारी असतं म्हणे. हात लावावा की नाही?

एका कास्तकार भाऊंनी मोबाइलवर आलेला असा संदेश दाखवला होता. ते खरोखर घाबरले होते, म्हणून नीट सांगतो.

पोटॅशिअमची समस्थानिकं तीन. ३९ (न्यूट्रॉन २०) शंभरात ९३, ४१ (न्यूट्रॉन २२) जवळपास ७, आणि ४० (न्यूट्रॉन २१) दहा हजारांत साधारण एक. हे तिसरं किरणोत्सारी आहे हे खरं: १९ प्रोटॉन विषम, २१ न्यूट्रॉनही विषम, वर सांगितलेली अडचण इथे आहे. पण त्याचा अर्धायुकाल १२५ कोटी वर्षं आहे, म्हणजे ते फार सावकाश बदलतं.

आणि पोटॅशिअम फक्त पोत्यात नाही. तुरीत आहे, केळ्यात आहे, तुमच्या रक्तामांसात आहे. मोठ्या माणसाच्या अंगात दर सेकंदाला पोटॅशिअम-४०चे सुमारे चार हजार अणू बदलत असतात, माणूस जन्माला आल्यापासून हे चालू आहे. पोटॅश टाकताना हात धुवा, पोतं पोरांच्या हाती देऊ नका. ते कुठल्याही खताला लागू आहे. किरणांची भीती बाळगायचं कारण नाही.

लोणारचं वय सांगतात ते कसं काढलं? कार्बनने का?

कार्बन-१४ने नाही. त्याचा अर्धायुकाल ५,७३० वर्षं. पन्नास हजार वर्षांनंतर मोजण्याइतकं काही उरत नाही. शिवाय ते एके काळी जिवंत असलेल्या वस्तूलाच लागू होतं: झाडाने हवेतून कार्बन घेतला, मेल्यावर घेणं थांबलं, तिथून घड्याळ चालू. नागपूर जिल्ह्यात नैकुंडला लोखंड गाळायची प्राचीन भट्टी सापडली, तशा ठिकाणच्या कोळशाला ते चालतं. चंद्रपूरच्या खाणीतल्या दगडी कोळशाला नाही. तो कोळसाही झाडांचाच, पण पंचवीस कोटी वर्षांहून जुना. त्यातल्या कार्बन-१४चा कधीच निकाल लागला.

दगडासाठी आत्ताच पाहिलेलं पोटॅशिअम-४० कामी येतं. त्याच्या शंभर अणूंतले सुमारे अकरा बदलताना आरगॉन-४० होतात. आरगॉन वायू आहे. दगड वितळलेला असेपर्यंत तो निसटून जातो. दगड घट्ट झाला की आत साठू लागतो. म्हणून साठलेला आरगॉन मोजला की दगड शेवटचा कधी वितळला ते कळतं. आपली काळी माती ज्या दगडापासून झाली, तो दख्खनचा बेसाल्ट या पद्धतीने सुमारे ६.६ कोटी वर्षांचा ठरला. बुलडाणा जिल्ह्यात त्याच बेसाल्टवर उल्का आदळली, काही दगड पुन्हा वितळला, आत साठलेला आरगॉन निघून गेला आणि घड्याळ पुन्हा शून्यावर आलं. त्या वितळून थिजलेल्या तुकड्यांवरून लोणारचं वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं येतं. जुन्या पुस्तकांत ५२ हजार हा आकडा दिसेल. तो दुसऱ्या पद्धतीने काढलेला होता.

घरच्या माणसाला कॅन्सरसाठी किरणांचा शेक दिला. लहान मुलांना त्यांच्यापासून दूर ठेवायचं का?

हा प्रश्न मुलांनी हळू आवाजात विचारलेला आहे, आणि त्यामागचं दुःख मला माहीत आहे. कोबाल्टच्या मशीनने बाहेरून शेक दिला असेल तर अजिबात दूर ठेवू नका. निसर्गातल्या कोबाल्ट-५९मध्ये ३२ न्यूट्रॉन. अणुभट्टीत त्याला एक आणखी न्यूट्रॉन मिळाला की कोबाल्ट-६० होतं, अर्धायुकाल सव्वापाच वर्षं. ते मशीनच्या आत बंद असतं. त्याचे किरण शरीरातून जातात, शरीरात राहत नाहीत. बल्ब बंद केला की अंगावर उजेड उरत नाही, तसं. आजोबांच्या मांडीवर नातू बसू द्या.

थायरॉइडसाठी आयोडीन-१३१ पोटात दिलं असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तितके दिवस लहान मुलं आणि गरोदर बाया यांनी अंतर ठेवावं. मिठातल्या साध्या आयोडीनमध्ये ७४ न्यूट्रॉन असतात, या औषधातल्यात ७८. त्याचा अर्धायुकाल ८ दिवस, म्हणून ते काही आठवड्यांत संपत येतं.

तक्त्यात काही मूलद्रव्यांचा आकडा कंसात का असतो?

त्या मूलद्रव्यांचं टिकाऊ समस्थानिक नाही, आणि सरासरी काढावी असं निसर्गातलं ठरावीक मिश्रणही नाही. म्हणून त्यांच्या एखाद्या जास्त टिकणाऱ्या समस्थानिकाचा अणुवस्तुमानांक कंसात देतात. प्रोमेथिअमपुढे (१४५), रेडिअमपुढे (२२६). तक्त्यातला आकडा खरोखर एका अणूचा असतो तो इथे, आणि इथे वजाबाकी बेधडक करा: १४५ वजा ६१, न्यूट्रॉन ८४, २२६ वजा ८८, न्यूट्रॉन १३८. उत्तर लिहिताना ‘रेडिअममध्ये’ असं न लिहिता ‘रेडिअम-२२६मध्ये’ असं लिहा.